शर्यतीचे लहान इंजिन आणि त्याचा प्लग

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनातील सर्वांत सहज बदलता येणारा भाग कोणता, असे विचारले तर बहुतेक जण प्लगचे नाव घेतील. बोटाएवढी ती वस्तू. पाना लावला, चार फेरे दिले की बाहेर. नवी बसविली की काम झाले. या सोपेपणामुळेच तिच्याविषयी दोन गैरसमज लोकांत रुजलेले आहेत. ज्यांची गाडी रोजच्या कामाची असते ते म्हणतात, 'प्लग काय, कोणताही बसव.' ज्यांना वेगाचे वेड असते ते म्हणतात, 'भारी प्लग बसव, म्हणजे गाडी पळेल.' पहिले लोक प्लगला काहीच किंमत देत नाहीत; दुसरे त्याला नसलेला गुण चिकटवितात. शर्यतीच्या इंजिनात हे दोन्ही समज महागात पडतात. कधी शर्यत जाते, कधी पिस्टन जातो, आणि कधी भर वेगात इंजिन अडकून मागचे चाक जागच्या जागी थांबते व चालविणाऱ्याच्या जिवावर बेतते.

म्हणून हा विषय केवळ गॅरेजवाल्यांचा आहे असे आम्ही मानीत नाही. शिवाजी पार्काच्या आसपासच्या कितीतरी घरांतील मुलेमुली आज अभियांत्रिकी शिकत आहेत. येथून जवळच माटुंग्याला वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आहे. १८८७ साली निघालेली ही संस्था आजही बहुतेकांच्या तोंडी 'व्हीजेटीआय'च आहे. तेथील आणि तिच्यासारख्या इतर संस्थांतील विद्यार्थी मोटरसायकलचे इंजिन घेऊन शर्यतीची छोटी मोटार स्वतः बांधतात आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरवितात. तिकडे कोल्हापुरास शाळकरी मुले 'कार्ट' नावाच्या बुटक्या गाडीवर शर्यतीचे पहिले धडे घेतात. या सर्व यंत्रांत एक ना एक प्लग आहेच, आणि तो कोणी तरी निवडलेला आहे. तो कसा निवडावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

अबूकिर येथील भेट

प्लगवाचून काय अडते हे सांगणारे उदाहरण शोधण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. जुहूच्या विमानतळाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या जे. आर. डी. टाटा यांच्याच आयुष्यातील हा प्रसंग आहे. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात विमान चालविण्याचे शिक्षण घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी परवाना मिळविला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. त्यानंतर आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर जो हिंदी वैमानिक एकट्याने, ठरलेल्या मुदतीत प्रथम पार करील त्यास ५०० पौंड. कोणत्याही बाजूने निघावयास हरकत नव्हती. १९३० च्या मे महिन्यात टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा तरुण त्यापूर्वीच इंग्लंडहून पूर्वेकडे निघालेला होता.

दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबूकिर येथे पडली. इंजिनियर तेथे अडकून पडले होते. विमान धड, हवा धड, वैमानिक धड; अडले होते ते प्लगसाठी. जवळ जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळच्या प्लगांतून त्यांस प्लग दिले. इंजिनियर यांनी त्याबद्दल आपले जीवरक्षक जाकीट टाटांना देऊ केले. दोघे आपापल्या दिशेने उडाले. इंजिनियर कराचीस पोहोचले आणि बक्षीस त्यांनाच मिळाले. हेच अस्पी इंजिनियर पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

प्रतिस्पर्ध्याला प्लग देऊन शर्यत हरणाऱ्या टाटांचे कौतुक या निमित्ताने नेहमी केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीत यंत्रविद्येचाही एक धडा दडलेला आहे. टाटांचे प्लग इंजिनियर यांच्या उपयोगी पडले कसे? दोघांचीही विमाने डी हॅव्हिलंड कंपनीची 'मॉथ' जातीची होती व दोहोंत 'जिप्सी' हे चार सिलिंडरांचे इंजिन होते. एकाचे आटे दुसऱ्यास बसत होते, लांबी जुळत होती आणि उष्णतेचा मेळही जुळत होता. यांतील एक गोष्ट जरी जुळली नसती तरी टाटांचे औदार्य वाया गेले असते. आणखी एक गंमत अशी की, हे जिप्सी इंजिनही मूळचे वेगाचेच होते. १९२७ साली एका लहान वेगवान विमानात त्याची परीक्षा झाली, तेव्हा त्यातून सुमारे १३५ अश्वशक्ती घेण्यात आली. नंतर जोर कमी करून सुमारे १०० अश्वशक्तीचे सौम्य इंजिन सर्वसामान्य वैमानिकांसाठी बाजारात आणले गेले. शर्यतीत जे जळते, मोडते, वितळते, त्यातूनच रोजच्या वापराचे इंजिन शहाणे होते.

प्लग करतो काय?

सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण येते. पिस्टन वर येऊन ते दाबतो. दाब पुरेसा झाला की ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते, आणि तापलेला वायू पिस्टनास खाली ढकलतो. ही ठिणगी पाडण्याचे काम प्लगचे. बॅटरीतून किंवा मॅग्नेटोतून आलेला प्रवाह कॉइलमध्ये दहा-वीस हजार व्होल्टांपर्यंत चढतो, प्लगच्या मधल्या दांडीतून खाली उतरतो, आणि टोकाशी असलेली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट उडी मारून ओलांडतो. ही उडी म्हणजेच ठिणगी.

प्लगची अंगे तीनच. मध्ये धातूची दांडी. तिच्याभोवती चिनी मातीसारखे दिसणारे पांढरे आवरण. आणि त्याबाहेर आटे पाडलेले पोलादी कवच. या कवचालाच खाली वळलेली एक लहानशी पट्टी असते. पांढऱ्या आवरणाचे काम दुहेरी आहे. विजेला त्याने आडवाटेने जाऊ द्यावयाचे नाही, आणि आगीत तडकावयाचे नाही. आज ते अॅल्युमिनियमच्या शुद्ध ऑक्साइडचे करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या प्लगांत ते अभ्रकाचे असे, कारण त्या वेळची चिनी माती शर्यतीच्या उष्णतेत फुटत असे. जगाला पत्र्याचे अभ्रक पुरविण्यात हिंदुस्थान तेव्हा आघाडीवर होता. हजारीबाग-कोडरमाच्या खाणींतील अभ्रक युरोपातील शर्यतींच्या इंजिनांत विजेला अडवीत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

प्लगच्या इतिहासात शर्यतवाल्यांचा हात मोठा आहे. केनेल्म ली गिनेस हा ब्रिटिश शर्यतपटू बाजारातील प्लग आपल्या मोटारीत टिकत नाहीत म्हणून स्वतःच प्लग तयार करू लागला, 'के. एल. जी.' हे त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचे प्लग पुढे विमानांतही गेले. ज्याच्या नावाने 'चँपियन' आणि 'ए. सी.' हे दोन प्रसिद्ध प्लग निघाले तो आल्बेर शांपियाँ हा फ्रेंच सायकलपटू; १८९९ साली पॅरिस-रूबे ही सायकलशर्यत त्याने जिंकली होती. ज्यांना प्लग दगा देतो तेच प्लगचा कसून विचार करतात, असा याचा अर्थ.

'गरम' आणि 'थंड'

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्लग दुकानात 'गरम' किंवा 'थंड' म्हणून मिळतो. हे शब्द ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की, गरम प्लगची ठिणगी जोरदार आणि थंड प्लगची मिळमिळीत. ही समजूत साफ चुकीची आहे. ठिणगीचा जोर कॉइल आणि मॅग्नेटो ठरवितात. गरम-थंड हा भेद ठिणगीचा नाही; प्लगचे टोक आपल्या अंगावरची उष्णता किती लवकर झटकून टाकते, त्याचा आहे.

जळत्या वायूची आच दोन हजार अंशांच्या वर जाते. प्लगचे टोक त्या आगीतच बसलेले. ती उष्णता पांढऱ्या आवरणातून कवचाकडे, तेथून आटे व वॉशर यांमधून सिलिंडरच्या डोक्याकडे जाते, आणि डोक्यावरून वाहणारे वारे किंवा पाणी ती घेऊन जाते. आवरणाचे नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता. टोक तापलेलेच राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर रस्ता जवळचा. टोक लवकर निवते. हा थंड प्लग. चहा लांब दांड्याच्या चमच्याने ढवळला तर बोटांना चटका बसावयास वेळ लागतो, आणि आखूड दांड्याच्या चमच्याने लगेच बसतो. उष्णतेचा रस्ता जेवढा आखूड, तेवढी ती लवकर दुसऱ्या टोकास पोहोचते.

टोकाची उष्णता दोन मर्यादांमध्ये राहिली पाहिजे. खालची मर्यादा सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसची. टोक याहून थंड राहिले तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही. काजळी म्हणजे कोळसा, आणि कोळशातून वीज वाहते. मग प्रवाह फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून सरकत कवचाकडे पळतो. ठिणगी पडतच नाही. मिस्त्री म्हणतात, 'प्लग शॉर्ट झाला.' वरची मर्यादा सुमारे ८५० अंशांची. टोक याहून तापले तर ते स्वतःच निखाऱ्यासारखे होते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवू लागते. पिस्टन वर येत असतानाच वरून आगीचा दणका बसतो. असे काही सेकंद चालले तरी पिस्टनच्या डोक्याला भोक पडण्यास पुरेसे होते.

सगळी निवड या दोन मर्यादांमध्ये आहे. रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन बहुतेक वेळ निम्म्या जोरावर चालते. त्याला काजळीचे भय अधिक, म्हणून त्यास तुलनेने गरम प्लग देतात. शर्यतीचे इंजिन सतत पूर्ण जोरावर चालते. त्याला निखाऱ्याचे भय अधिक, म्हणून त्यास थंड प्लग लागतो. लहान इंजिनात हा ताण अधिकच वाढतो, कारण लहान इंजिनातून मोठी शक्ती काढावयाची तर ते भयंकर वेगाने फिरवावे लागते. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या दोन धावांच्या इंजिनात दर फेऱ्याला एक, म्हणजे सेकंदाला २०० स्फोट होतात. चार धावांच्या इंजिनात त्याच्या निम्मे. चार धावांच्या इंजिनात प्लगला एक फेरा आगीत आणि एक फेरा विसाव्याचा मिळतो. दोन धावांच्या इंजिनात विसावा नाहीच. शिवाय तेथे पेट्रोलातच तेल मिसळलेले असते. म्हणजे तेच इंजिन संथ चालले तर प्लगवर तेलकट काजळी धरते आणि जोरात चालले तर प्लग भाजून काढते. स्कूटरच्या जमान्यात डिकीत एक जादा प्लग ठेवण्याची जी पद्धत आपल्याकडे घरोघर होती, तिचे मूळ यातच आहे.

पूर्वीचे शर्यतवाले यावर सोपा तोडगा काढीत. सकाळी गार इंजिन तापविण्यासाठी गरम प्लग बसवीत. शर्यत सुरू होण्यापूर्वी ते काढून थंड प्लग बसवीत. आजची प्रज्वलनव्यवस्था जोरदार आहे, प्लगही अधिक व्यापक तापमान सोसतात. त्यामुळे असे दोन-दोन प्लग वापरण्याचे कारण बहुधा उरत नाही. पण अडचण तीच आहे, हे ध्यानात ठेवावे.

कोणती चूक परवडते?

निवड करताना चूक होणारच. तेव्हा कोणत्या बाजूची चूक परवडते, याचा विचार आधी करावा. प्लग गरजेपेक्षा थंड निघाला तर काजळी धरेल, इंजिन अडखळेल, फार तर बंद पडेल. शर्यत जाईल, प्लग पुसून किंवा बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरता येईल. प्लग गरजेपेक्षा गरम निघाला तर पिस्टन वितळेल, सिलिंडर ओरखडला जाईल, आणि दोन धावांचे इंजिन पूर्ण वेगात अडकले तर चालविणारा फेकला जाईल. एका चुकीची किंमत प्लगएवढी. दुसरीची किंमत हाडांएवढी. म्हणून शंका असेल तेथे थंड बाजूने सुरुवात करावी आणि एकेका पायरीने गरमीकडे यावे. गरम बाजूने सुरुवात करून थंडीकडे जाऊ नये. आमच्या मते या साऱ्या विषयातला हा एकच नियम असा आहे की, बाकी सर्व विसरले तरी चालेल पण हा विसरू नये.

पायरी म्हणजे काय, ते प्लगवरील अंकावरून कळते. मात्र येथे एक सापळा आहे. 'एनजीके' या जपानी प्लगवर अंक जेवढा मोठा, तेवढा प्लग थंड. 'बॉश' आणि 'चँपियन' यांच्या आजच्या प्लगांवर अंक जेवढा मोठा, तेवढा प्लग गरम. म्हणजे एका कंपनीचा नऊ नंबर दुसऱ्या कंपनीच्या नऊ नंबरशी जुळेल असे मुळीच नाही. त्यातून आणखी एक घोटाळा असा की, बॉशच्याच जुन्या पद्धतीत, आणि त्या पद्धतीवर बंगळूरच्या 'मायको'ने वर्षानुवर्षे काढलेल्या प्लगांत, १७५, २२५ असे मोठे अंक असत, व तेथे मोठा अंक म्हणजे थंड प्लग असे. जुन्या येझदी-जावा बाळगणाऱ्या हौशी मंडळींच्या खोक्यात असे प्लग अजून सापडतात. तेव्हा कंपनी बदलताना अंकावर न जाता त्या कंपनीचा जुळणीचा तक्ता पाहावा.

एक उदाहरण घेऊ. एनजीकेच्या प्लगवर 'बी आर ९ ई एस' असे लिहिलेले असते. 'बी' म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर. 'आर' म्हणजे आत विद्युत्-रोध बसविलेला आहे. ठिणगीमुळे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूत जो गोंधळ होऊ शकतो, तो या रोधाने आवरतो. '९' हा उष्णतेचा अंक. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर; तेथे 'एच' असता तर ती १२.७ मिलिमीटर झाली असती. शेवटचा 'एस' टोकाची साधी रचना दाखवितो. या कंपनीच्या प्लगांत एक अंक बदलला की टोकाच्या तापमानात सुमारे ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. पाचशे आणि साडेआठशे यांमधील अंतर लक्षात घेतले म्हणजे एक पायरीही किती मोठी आहे, हे कळून येईल. दोन पायऱ्यांची उडी एकदम मारू नये, ती यासाठी.

लांबी आणि फट

उष्णतेच्या अंकाआधी आट्यांचा व्यास आणि लांबी जुळली पाहिजे, हे सांगावयास नको असे वाटेल. पण येथेच अनेकांचे नुकसान होते. लांबी जास्त झाली तर प्लगचे टोक खाली डोकावते आणि पिस्टन त्यावर आदळतो. शर्यतीसाठी दाब वाढविलेल्या इंजिनात पिस्टन आणि डोके यांमध्ये जागा फारच थोडी असते, म्हणून टोक बाहेर काढलेला प्लग तेथे चालेलच असे नाही. लांबी कमी झाली तर ठिणगी भोकाच्या आत दडून राहते, मिश्रण नीट पेटत नाही, आणि डोक्यातील उघड्या आट्यांवर काजळी बसून पुढे योग्य प्लगही धड बसत नाही. इंजिनाच्या पुस्तकात दिलेला व्यास, लांबी आणि बैठक या तीन गोष्टी जशाच्या तशा पाळाव्यात; आपले डोके चालवावयाचे ते फक्त उष्णतेच्या अंकापुरते.

फटीचेही तसेच. फट मोठी असली की ठिणगी लांब पडते आणि मिश्रण पेटण्यास सोपे जाते, हे खरे. पण दाबलेल्या वायूतून उडी मारणे विजेला कठीण असते. शर्यतीच्या इंजिनात दाब जास्त, आणि फेरे वाढले की कॉइलला भरावयास वेळ कमी. अशा वेळी मोठी फट ठेवली तर वरच्या वेगात ठिणगी चुकू लागते. म्हणून शर्यतीच्या इंजिनात फट सहसा थोडी कमी ठेवतात. अर्धा मिलिमीटर ते पाऊण मिलिमीटर या दरम्यान, पुस्तकात दिली असेल त्याप्रमाणे. ती पात्यांच्या मापाने मोजावी, नजरेने नव्हे. आणि फट कमी-जास्त करताना बाहेरची पट्टीच हळू वाकवावी; मधल्या दांडीवर जोर दिला तर पांढरे आवरण आतून तडकते व तो तडा बाहेरून दिसत नाही.

प्लग वाचणे

प्लग निवडला म्हणजे काम संपत नाही. तो बरोबर निवडला की नाही, हे त्यालाच विचारावे लागते. वैद्य जीभ पाहतो तसा मिस्त्री प्लग पाहतो. यासाठी नवा प्लग बसवून गाडी धावपट्टीवर पूर्ण वेगाने न्यावयाची, आणि त्याच वेगात इंजिन एकदम बंद करून क्लच दाबावयाचा. इंजिन संथ चालवीत परत आणले तर त्या संथ चालीची काजळी आधीची खूण पुसून टाकते आणि साक्ष खोटी ठरते.

काढलेल्या प्लगचे नाक फिकट तपकिरी किंवा भुरे असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग फार थंड आहे. काळे आणि ओले असेल तर तेल जास्त आहे किंवा ठिणगीच पडत नाही. नाक पांढरेफटक, खडबडीत, फोड आल्यासारखे असेल तर धोका. मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ठिणगी फार लवकर पडते आहे, किंवा प्लग फार गरम आहे. नाकावर चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ते अॅल्युमिनियमचे आहेत आणि ते पिस्टनवरून उडालेले आहेत, असे समजावे. अशा वेळी नवा प्लग टाकून पुन्हा धावणे म्हणजे ताप तपासणारी नळी फोडून ताप गेला असे मानण्यासारखे आहे. इंजिन तेथेच थांबवावे.

येथे एक क्रम पाळणे अवश्य आहे. वर पाहिलेच की, एकाच रंगाची दोन-तीन कारणे असतात. म्हणून आधी पेट्रोल-हवेचे प्रमाण जेटने नीट करून घ्यावे, ठिणगीची वेळ पुस्तकाप्रमाणे लावावी, आणि मग प्लगच्या अंकाला हात लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कमी पेट्रोलामुळे तापणाऱ्या इंजिनात थंड प्लग घातला तर प्लगचे टोक निवते. पिस्टन मात्र तापलेलाच राहतो. साक्षीदाराचे तोंड बंद केल्याने गुन्हा थांबत नाही.

पेट्रोल बदलले की ही साक्षही बदलते. जुन्या पुस्तकांतील रंगीत चित्रे शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातील आहेत. आपल्या देशात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले; आजच्या पेट्रोलवर प्लगला रंग फिकाच चढतो. त्यातून २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलात एथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. एथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेसाठी असे पेट्रोल थोडे अधिक लागते. इंजेक्शन असलेली गाडी हे प्रमाण बऱ्याच अंशी आपोआप सांभाळते. कार्ब्युरेटर असलेले जुने दोन धावांचे इंजिन सांभाळत नाही. त्यात जुनाच जेट ठेवला तर मिश्रण पातळ होते व इंजिन तापते. पूर्वी दहा वर्षे बरोबर चाललेला प्लग आता पांढरा पडू लागला, तर दोष प्लगचा नसून जेटचा असण्याचा संभव अधिक.

महाग धातू आणि दोन प्लग

'इरिडियमचा प्लग लावला की गाडी पळते' असे जे म्हणतात, त्यात तथ्य किती? निकेल सुमारे १४५५ अंशांवर वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांवर आणि इरिडियम २४४६ अंशांवर. इरिडियम इतके टिकाऊ असल्यामुळे त्याची दांडी सुईसारखी बारीक करता येते, आणि बारीक टोकावरून वीज कमी दाबानेही उडी मारते. तेव्हा वरच्या वेगात ठिणगी चुकण्याचा संभव कमी होतो, एवढा लाभ खरा. पण जेथे ठिणगी चुकतच नव्हती तेथे शक्ती वाढण्याचे कारण नाही. प्लग शक्ती देत नाही. असलेली शक्ती वाया जाऊ देत नाही, इतकेच.

दोन प्लगांविषयीही असेच विचारले जाते. अबूकिरला थांबलेल्या त्या मॉथ विमानात सिलिंडर चार आणि प्लग आठ होते. एक संच बिघडला तरी वैमानिक आकाशात लटकू नये म्हणून. पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ साली आपल्या पल्सर मोटरसायकलीत एका सिलिंडरास दोन प्लग बसविले, ते मात्र वेगळ्या कारणाने. दोन्हीकडून आग लागली की ज्योतीला निम्मेच अंतर चालावे लागते, मिश्रण लवकर आणि पुरते जळते. दोन्ही योजना इंजिन आखतानाच ठरविलेल्या आहेत. गॅरेजात डोक्याला दुसरे भोक पाडून ती साधत नाही.

विकत घेताना आणि बसविताना

ऑपेरा हाउसच्या बाजूला सुट्या भागांची जी दुकाने आहेत, तेथे नावाजलेल्या कंपनीचा प्लग चार ठिकाणी चार भावांत मिळेल. फार स्वस्त मिळाला तर संशय घ्यावा. नकली प्लगचे आवरण बाहेरून पांढरे असते, पण त्यातील उष्णतेचा रस्ता अंकाप्रमाणे असेलच याची खात्री कोणी देत नाही. अक्षरे नखाने पुसली जाणे, बाहेरची पट्टी मधल्या दांडीवर सरळ न येणे, आटे खरखरीत असणे, या खुणा पाहाव्यात. ज्या प्लगवर मुलाचे हातपाय अवलंबून आहेत तो ओळखीच्या दुकानातून पावती घेऊन आणावा.

बसविताना आधी भोकाभोवतीची धूळ झाडावी, इंजिन निवलेले असावे, आणि पहिले फेरे हातानेच द्यावे. आटे तिरके चढले तर अॅल्युमिनियमचे डोके कायमचे बिघडते. प्लग टेकला की नव्या वॉशरसाठी पान्याने सुमारे अर्धा फेरा पुरे. वापरलेल्या वॉशरसाठी त्याहून पुष्कळ कमी. सैल प्लग फार वाईट, कारण उष्णता जावयाचा रस्ता आटे आणि वॉशर यांतूनच आहे. सैल बसलेला थंड प्लगही गरम प्लगसारखा वागतो. अतिघट्ट प्लगचे कवच ताणले जाते. आणि जादा प्लग नेहमी जवळ ठेवावा, नेमका त्याच अंकाचा. सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनियरांना तो वेळेवर देणारा भेटला, आपल्याला भेटेलच असे नाही.

शेवटी एक गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांसाठी. प्लग वाचण्यासाठी पूर्ण वेगाने धावावे लागते, असे आम्ही वर म्हटले. ते धावणे बंदिस्त धावपट्टीवरचे आहे, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात कातडी पोशाख घालून करावयाचे. रात्री रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्यावर करावयाचे नव्हे. सार्वजनिक जागी परवानगीवाचून शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार गुन्हा आहे. पण कायद्याचे सोडा, रस्त्यावर अडकलेल्या इंजिनामागून येणाऱ्या ट्रकला प्लगचा अंक कळत नाही. मुलगा रात्री जेवणानंतर गाडीचा प्लग काढून बसलेला दिसला तर त्याला रागावू नये. जवळ बसावे, तो प्लग हातात घ्यावा, आणि त्याचे नाक तपकिरी आहे की पांढरे, एवढे विचारावे. तपकिरी म्हणाला तर निश्चिंत असावे. पांढरे म्हणाला तर जेट, ठिणगीची वेळ आणि प्लगचा अंक या क्रमाने दोष सापडेपर्यंत ती गाडी बाहेर काढू देऊ नये.